गृहपाठातल्या चौकटी, दांड्या आणि गोल: पहिली-दुसरीच्या गणितासाठी घरी काय आणावं, काय आणू नये

पहिली-दुसरीच्या गणिताच्या पानावर पालक अडतात ते बेरजेपाशी नाही. आठ आणि पाच किती, हे सगळ्यांनाच येतं. अडतात ते खालच्या ओळीपाशी: ८ + __ + __ = १० + __. तीन रिकाम्या जागा आणि सूचना एवढीच की 'पूर्ण करा'. पुढच्या प्रश्नात तीन गोल रेघांनी जोडलेले, त्याच्याखाली पाच-पाच घरांच्या दोन ओळींची चौकट, त्याच्याखाली नुसती आडवी रेघ आणि तिच्यावर उड्या मारल्यासारख्या कमानी. पालक 'तेरा' म्हणून मोकळे होतात, मूल म्हणतं 'असं नाही करायचं', पण कसं करायचं ते त्यालाही सांगता येत नाही.

कारण साधं आहे. पानावरचं चित्र हे बहुतेक वेळा वर्गात हाताळलेल्या एखाद्या वस्तूचं चित्र असतं. वस्तू वर्गात राहते, चित्र घरी येतं. वस्तू, मग चित्र, मग अंक ही चढण जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडली आणि प्राथमिक गणिताची पुस्तकं आज बऱ्याच ठिकाणी त्याच क्रमाने बांधलेली असतात. पालकांच्या हाती मधलीच पायरी पडते. म्हणून 'गृहपाठाला मदत' या नावाने जे जे विकलं जातं, ते इथे एकाच कसोटीवर पाहिलं आहे: पानावरचं चित्र उलगडायला ते कामाला येतं का?

निकाल आधीच सांगतो. वीस मण्यांची चौकट आणि दशक-एककाचे ठोकळे, या दोन गोष्टी घ्याव्यात. रंगीत दांड्या चांगल्या, पण सगळ्यांना लागत नाहीत. सरावपुस्तकं पारखून. फोटो काढून उत्तर देणारी अ‍ॅप्स या वयाच्या गृहपाठाला जवळपास निरुपयोगी.

वीस मण्यांची चौकट

दोन तारा, प्रत्येकीवर दहा मणी, त्यांतले पाच एका रंगाचे आणि पाच दुसऱ्या. ही रचना नेदरलँड्समधले गणित-शिक्षणतज्ज्ञ अद्री ट्रेफर्स यांची. दुकानात 'मणीचौकट' मागितली की मात्र हमखास दहा तारांची, शंभर मण्यांची पाटी पुढे येते आणि तिथेच फसगत होते. त्या पाटीवर बहुतेक वेळा एका तारेचे दहाही मणी एकाच रंगाचे असतात. मग सात मणी दाखवायला मूल एक-दोन-तीन करत मोजतं. पाच-पाचचे रंग असले की सात म्हणजे 'एक आख्खा रंग आणि वर दोन', म्हणजे न मोजता दिसणारी गोष्ट. सगळी किंमत त्या रंगबदलाची आहे. तो नसेल तर वस्तू परत करावी. शंभर मण्यांच्या पाटीवर प्रत्येक तारेत पाचावर रंग बदलत असेल तर चालेल, पण सुरुवातीला वरच्या दोन तारा सोडून बाकीच्या कागदाने झाकाव्यात.

वर दिलेला रिकाम्या जागांचा प्रश्न यावर असा सुटतो. सगळे मणी आधी उजवीकडे. वरच्या तारेवर आठ मणी एकाच ढकलीत डावीकडे आणायचे (एक रंग पूर्ण, दुसऱ्यातले तीन). खालच्या तारेवर पाच. आता वरच्या तारेवर उजवीकडे दोन मणी उरलेले दिसतात. ते आत घ्यायचे आणि त्या बदल्यात खालच्या पाचातले दोन बाहेर काढायचे. वर दहा, खाली तीन. पानावर लिहायचं ते हेच: ८ + २ + ३ = १० + ३. पहिली रिकामी जागा म्हणजे वर आत घेतलेले दोन, दुसरी म्हणजे खाली उरलेले तीन. रेघांनी जोडलेले तीन गोल हाही याच हालचालीचा दुसरा नकाशा आहे: वरच्या गोलात ५, खालच्या दोघांत २ आणि ३. तिथे पालकांची नेहमीची चूक म्हणजे खालच्या गोलांत ४ आणि १ लिहिणं. फोड बरोबर आहे, पण आठाला दहा व्हायला चार नकोत, दोन हवेत.

विकत घेताना चौकट उभी धरून पाहावी. मणी आपोआप घसरत असतील तर ती कामाची नाही, कारण मूल ती नेहमी थोडी तिरकीच धरतं आणि आठाचे नऊ होतात. तार गुळगुळीत धातूची असेल तर हा त्रास जास्त. घरी करायची तर जाड पुठ्ठा, दोन दोऱ्या आणि वीस मणी पुरतात. दोरी मण्याच्या भोकात जेमतेम जाईल इतकी जाड घ्यावी. हस्तकलेच्या दुकानात मिळणारी केसाळ तार सगळ्यात उत्तम, मणी सोडला तिथेच थांबतो. पुठ्ठा मात्र वाकायला नको. तो वाकला की दोरी सैल पडते आणि मणी एकमेकांवर चढतात.

पाच-पाच घरांच्या दोन ओळींची जी चौकट पानावर दिसते, ती वेगळी विकत घ्यायची काहीच गरज नाही. कागदावर आखा, बटणं ठेवा. फक्त भरण्याचा क्रम वर्गातलाच ठेवा. काही पुस्तकं वरची ओळ डावीकडून भरतात, मग खालची, त्यामुळे सात म्हणजे वर पाच, खाली दोन. काही पुस्तकं वर-खाली अशा जोड्या लावतात, तिथे सात म्हणजे तीन जोड्या आणि एक एकटा. पहिल्या पद्धतीत पाच आणि दहा दिसतात, दुसरीत सम-विषम दिसतं. मूल एका पद्धतीने भरतंय आणि पालक दुसऱ्या, यावरून निष्कारण वाद होतात.

दशक-एककाचे ठोकळे

एकक म्हणजे १ सेंटीमीटरचा घन, दशक म्हणजे १० सेंटीमीटरची दांडी, शतक म्हणजे १० बाय १० ची पाटी, हजार म्हणजे १० बाय १० बाय १० चा घन. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान डिएनेस यांच्या नावाने हे ठोकळे ओळखले जातात. गृहपाठात चौकोन, उभी काडी आणि ठिपका दिसला की समजावं, हेच ठोकळे. चौकोन शंभर, काडी दहा, ठिपका एक.

सुरुवातीचा म्हणून विकला जाणारा संच बऱ्याचदा १२१ तुकड्यांचा असतो: १०० सुटे, १० दांड्या, १० पाट्या, १ मोठा घन. आकडा भरदार दिसतो, वाटणी मात्र चुकलेली आहे. हिशेब करून पाहा. दोन संख्यांच्या बेरजेत सुटे जास्तीत जास्त लागतात ९ आणि ९, म्हणजे १८. वजाबाकीत दांडी मोडली तरी ८ आणि १०, म्हणजे १८च. दांड्या मात्र तीन अंकी बेरजेत ९ आणि ९ आणि सुट्यांतून आलेली एक, म्हणजे १९ लागू शकतात. बेरीज हजाराच्या आत असेल तर पाट्या नऊ पुरतात. म्हणजे खरी गरज २० सुटे, २० दांड्या, १० पाट्या एवढी. १२१च्या संचात २६८ + १५७ मांडायला घेतलं की सहा आणि पाच अशा अकरा दांड्या लागतात, आणि बदलीची एक वेगळीच. दांड्या तिथेच संपतात, शिवाय ऐंशीहून जास्त सुटे डब्यात खुळखुळत राहतात. दांड्या सुट्या विकत मिळत असतील तर दहा वाढवून घ्याव्यात. शंभर सुट्यांचा एकच खरा उपयोग: एकदा सगळे पाटीवर रचून ती पूर्ण झाकली जाते हे मुलाला स्वतः करू द्यावं.

दर्जा तपासायची परीक्षा सोपी आहे. दहा सुटे एका रांगेत लावून शेजारी दांडी ठेवा. रांग दांडीपेक्षा दिसण्याइतकी लांब किंवा आखूड असेल तर संच नको, कारण 'दहा सुटे म्हणजे एक दांडी' ही एकच गोष्ट शिकवायला तो आणलेला असतो आणि मुलाला डोळ्यांनी उलटं दिसत असतं. फोमचे ठोकळे आवाज करत नाहीत, पण दाबून दाबून सुटे चपटे होतात आणि काही काळाने हीच परीक्षा नापास होतात. दांडीवरच्या खाचा खोल आणि चारी बाजूंनी असाव्यात. नुसत्या रंगाच्या रेघा पुसल्या जातात, मग मूल दांडीला 'एक' मोजतं.

एकमेकांत अडकणारे २ सेंटीमीटरचे रंगीत घनही याच नावाखाली विकले जातात. ते मोजायला, मनोरे करायला छान आहेत. दहाची दांडी त्यांतून मुलानेच जोडायची आणि मोडायची, आणि अगदी सुरुवातीला तेच बरं. पण १ सेंटीमीटरच्या संचात ते मिसळू नका. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर अडकणारे घन आणि सुटे दोन्ही उंचावर ठेवा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत लहान तुकडा घशात अडकण्याजोगा आहे का हे बघायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, आणि हे सगळे तुकडे तिच्यात अलगद मावतात.

आता वापर. ५२ − २७ घेऊ, कारण गृहपाठातलं सगळ्यात गोंधळाचं चित्र याच प्रकारच्या वजाबाकीचं असतं. पहिली चूक मांडणीतच होते: पालक ५२ही मांडतात आणि २७ही. बेरजेत दोन्ही संख्या मांडायच्या, वजाबाकीत फक्त पहिली. दुसरी त्यातूनच काढायची असते. तर पाच दांड्या, दोन सुटे. सात सुटे काढायचे आहेत, आहेत दोन. एक दांडी डब्यात परत द्यायची, दहा सुटे घ्यायचे. आता चार दांड्या, बारा सुटे. इथे थांबून 'अजून किती आहेत?' हे विचारलंच पाहिजे. मूल 'बावन्न' म्हणालं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, परत दांडी घ्या आणि पुन्हा मोडा. मग सात सुटे काढा, दोन दांड्या काढा. उरतं २५.

पानावर याचं चित्र येतं तेव्हा पाच काड्यांपैकी तीन खोडलेल्या असतात. पालक मोजतात, तीन दशकं गेली, आणि उत्तर कुठेच जुळत नाही. खोडलेल्या काड्या दोन प्रकारच्या असतात. एकीपासून बाण निघून दहा ठिपक्यांकडे जातो, ती मोडलेली. बाकीच्या दोन काढून टाकलेल्या. बाण बारीक छापलेला असतो किंवा छायाप्रतीत उडालेला असतो. मग ठिपके मोजावेत: मुळात दोन आणि आता बारा असतील तर एक काडी मोडली हे नक्की. उभ्या मांडणीत पाचावर लिहिलेला छोटा ४ आणि दोनावरचा १२ हे त्याच चित्राचं अंकांतलं रूप. ज्याला आपण दशक उसना घेणं म्हणतो ते हेच, आणि ठोकळ्यांवर हे एकदा झालं की ते छोटे आकडे कुठून आले हे वेगळं समजवावं लागत नाही.

उड्यांची रेघ

हिच्यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या, गुंडाळता येणारे कापडी फलक, जमिनीवर चिकटवायचे आकडे असं बरंच काही मिळतं. पैसे वाचवा. पानावरची रेघ मुद्दाम रिकामी असते, कुठले आकडे मांडायचे हे मुलाने ठरवायचं असतं. सगळे आकडे आधीच छापलेल्या पट्टीवर ते एकेक घर मोजत जातं, आणि नेमकी तीच सवय सोडवायला ही रेघ काढलेली असते.

तिच्यात एक सापळा मात्र आहे. ५२ − २७ दोन तऱ्हांनी काढतात. एकात ५२पासून मागे: २० मागे ३२, २ मागे ३०, ५ मागे २५. इथे उत्तर रेघेवर, शेवटच्या उडीच्या पायाशी. दुसरीत २७पासून पुढे: ३ पुढे ३०, २० पुढे ५०, २ पुढे ५२. इथे उत्तर रेघेवर नाहीच, ते कमानींवर आहे: ३, २० आणि २ यांची बेरीज. दोन्ही प्रश्न दिसायला सारखे. पहिली खूण कुठल्या टोकाला आहे आणि बाण कुठे वळलेत ते आधी बघायचं. 'रेघेवर २५ कुठे आहे?' म्हणून शोधणारे पालक बहुतेक दुसऱ्या तऱ्हेच्या चित्रात पहिल्या तऱ्हेचं उत्तर शोधत असतात.

रंगीत दांड्या

बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या या दांड्या १९५०च्या दशकात जगभर पोचल्या. पांढरी १, लाल २, फिकट हिरवी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९, नारिंगी १०, आणि लांबी तेवढेच सेंटीमीटर. वस्तू म्हणून यादीतली सगळ्यात देखणी. नारिंगीखाली निळी-पांढरी, तपकिरी-लाल, काळी-फिकट हिरवी अशी भिंत रचत गेलं की दहाच्या सगळ्या जोड्या पाठ न करता बसतात. पण गृहपाठात वेगवेगळ्या लांबीच्या रंगीत पट्ट्या येत असतील तरच घ्या. दांड्यांवर खाचा नसतात, त्यामुळे दशक-एकक समजवायला त्या गैरसोयीच्या. शिवाय ठोकळ्यांच्या बऱ्याच संचांत सुटे पिवळे असतात, दांड्या हिरव्या. इकडे पिवळी म्हणजे पाच, तिकडे पिवळा म्हणजे एक. दोन्ही संच एकाच डब्यात टाकले तर गोंधळ आपणच विकत आणला म्हणायचं. रंग ओळखायला त्रास असलेल्या मुलाला दोन्ही हिरव्या आणि तपकिरी यांत फरक करणं जड जातं, त्याने लांबी जोडूनच बघावी. स्वस्त नकलांमध्ये रंगांचा क्रम बदललेला आढळतो. डब्यावरचं चित्र वरच्या यादीशी ताडून घ्या.

सरावपुस्तकं आणि अ‍ॅप्स

सरावपुस्तक चाळताना उत्तरांची पानं आधी उघडावीत. तिथे नुसतं '६३' असेल तर ठेवून द्या. ३६ + २७ साठी ३० + २० = ५०, ६ + ७ = १३, ५० + १३ = ६३ अशी मधली ओळ दिलेली असेल तर ते पुस्तक पालकांचाही विचार करतं. दुसरी खूण म्हणजे नवी आकृती आली की तिचं निदान एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवलेलं असावं. फुकट उतरवून घ्यायच्या पानांत हेच नसतं. ती कुठल्या तरी मोठ्या पाठमालेतून सुटी झालेली असतात आणि त्यांचं सोडवलेलं उदाहरण आधीच्या, आपल्याकडे नसलेल्या पानावर राहिलेलं असतं. गृहपाठ अगम्य वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे, त्यात शिक्षकांचा किंवा मुलाचा दोष असेलच असं नाही.

अ‍ॅप्सची अडचण वेगळी. फोटो दिला की ३६ + २७ चं उत्तर क्षणात येतं, बहुधा हातच्यासह उभ्या मांडणीत. उत्तर कोणी विचारलंच नव्हतं, मधल्या चौकटी विचारल्या होत्या. ज्या मुलाला हातचा अजून शिकवलेला नाही त्याच्यापुढे हातच्याची पायरी ठेवली की ते तीच उतरवतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला ती सांगता येत नाही. चित्रांच्या प्रश्नांत तर आणखी वाईट: दाटीवाटीने छापलेली फुलं किंवा ठिपके मोजताना असे प्रोग्रॅम चुकतात आणि चुकलेला आकडाही तितक्याच ठामपणे सांगतात. मोठ्या वर्गातल्या समीकरणांना ही साधनं उपयोगी असतील, इथे नाहीत. एक मर्यादित उपयोग आहे: सूचना परक्या भाषेत असेल तर फोटोवरून ती तेवढी वाचून घ्यावी.

यातलं काही आणूनही प्रश्न उलगडला नाही, तर रिकामी चौकट रिकामीच ठेवून बाजूला पेन्सिलीने लिहावं: 'उत्तर १३ येतं, पण या चौकटीत काय अपेक्षित आहे ते कळलं नाही.' पालकांनी भरलेल्या बरोबर उत्तरापेक्षा ही ओळ शिक्षकांच्या जास्त उपयोगाची. वर्गातल्या किती मुलांना सूचना कळली नाही हे त्यांना कळायला दुसरा मार्ग नसतो.

खरेदीचा क्रम विचाराल तर आधी मणीचौकट, बेरजा वीसच्या पुढे गेल्या की ठोकळे. जुना संच मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त दांड्या मोजून. हरवतात त्या त्याच. १, १०, १०० असे आकडे छापलेल्या गोल चकत्याही संचासोबत गळ्यात मारल्या जातात. त्या आत्ता नकोत. दहाची चकती एकच्या चकतीएवढीच असते, त्यामुळे दहा खरंच दहापट आहे हे तिच्यात दिसत नाही, नुसतं मानावं लागतं. गृहपाठात हजारापुढच्या संख्या येऊ लागल्या आणि ठोकळे टेबलावर मावेनासे झाले, की मग त्या आणा.